समोरची खुर्ची

"खुर्ची जवळ ओढ. इतक्या लांबून माणूस खरं बोलत नाही," हेमकांतभाऊ म्हणाले.

प्रिस्किलानं खुर्ची ओढली, रेकॉर्डर सुरू केला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवापूरची पोर, पुण्याला ज्ञान व्यवस्थापन शिकून आलेली. लोणखेड्याच्या फळ उत्पादक संघात पहिलीच नोकरी, आणि पहिलं काम काय, तर ज्याच्या जागेवर बसायचं त्याचंच ज्ञान काढून घ्यायचं.

संघाचा नियम साधा. कुणी नोकरी सोडून निघालं, की ज्ञान व्यवस्थापकानं महिनाभर रोज दुपारी त्याच्यासमोर बसायचं. त्यानं बोलायचं, आपण ऐकायचं. आजवर ते काम भाऊंचं; त्यांनी असे कितीतरी जण ऐकले. केळी पिकवायच्या खोलीचं दार धुडकूमामा नुसत्या वासावर उघडत. तो वास शब्दांत पकडायला भाऊंनी आठवडा घातला होता.

पण भाऊ समोर बसले की आपले दिवस भरले, असं लोकांनी धरलं. ते डबा घेऊन आले की सगळ्या बाकाला एकदम कामं आठवत. घरी तरी कोण होतं? बायको गेलेली. मुलगी सुरतेला, "जेवलात ना?" एवढं विचारून फोन ठेवणारी.

आता भाऊ बोलत होते. कामाचं थोडं, बाकीचंच फार. तापीकाठचं गाव, वडिलांचा कापूस, बायकोचं दरवर्षी न चुकता बिघडणारं लोणचं. प्रिस्किला "मग?" म्हणे, की ते खुलत. रोज इस्त्रीचा शर्ट. चहा आधीच मागवलेला. काढून टाकलेला माणूस उसनं हसतोय, असं तिला वाटे. एकदा तिनं आडून विचारलं, तर म्हणाले, "जुन्या माणसाचं काय काम आता?" आणि पुन्हा लोणच्यावर आले.

महिना सरत आला, तसं तिला राहवेना. तिनं रेकॉर्डर बंद केला. मी अध्यक्षबाईंना भेटते, म्हणाली. भाऊंना राहू द्या, मला त्यांच्या हाताखाली घ्या, असं सांगते.

भाऊ गडबडले. तोंडात घरची बोली आली. "कशाले तरास लेस, बेटा? बस. तुन्हा चहा थंडा व्हई ऱ्हायना."

ती गेलीच. अध्यक्षबाई प्रतिभाताईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्यांना कोण काढतंय? निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत त्यांच्या. आपणहून राजीनामा दिला. मी किती विनवलं, कारण म्हणून सांगेनात. उठताना फक्त एवढंच विचारलं, 'ताई, नियमाप्रमाणे माझ्यासमोरही कुणी बसेल ना?'"