ठेचेचा उगम

“लोकनृत्याच्या धुनेला कर्ता नसतो. तिचा उगम काळाच्या उदरात असतो,” सर व्यासपीठावरून गंभीरपणे म्हणाले. सभागृहाच्या कोपऱ्यात जुन्या यंत्रामागे बसलेला टेपवाला ऐकत होता. तो उगम त्याने सकाळीच टेपमध्ये परत चिकटवला होता. लांबी एक वीत.

एकतीस वर्षांपूर्वी सरांनी डोंगरातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून ही धून टेप करून आणली. अठरा किलोचं यंत्र पाठीवर घेऊन चढला होता टेपवाला. ऐन तिसऱ्या ओळीत सरांना सणसणीत शिंक आली. पुन्हा वाजवायला म्हाताऱ्यात दम नव्हता. आठवड्याने तो गेलाच. टेप खराब केली म्हणून बोलणी आपल्यालाच बसणार, हे टेपवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने शिंकेचा तुकडा गुपचूप कापला आणि टोकाला टोक जोडलं. शिंकेबरोबर दीड मात्राही गेली. धून तिसऱ्या ओळीत अडखळू लागली.

त्या अडखळण्यावर सरांनी चारशे पानं लिहिली. पूर्वज डोंगर ओलांडताना ठेचकाळले, ती ठेच नाचात राहिली, असा सिद्धांत. ग्रंथ गाजला. टेप शाळाशाळांत गेली आणि दोन पिढ्या तिसऱ्या ओळीला ठेच खात नाचल्या. एवढ्यावर टेपवाला गप्प बसला असता. पण ऋणनिर्देशात सरांनी गाडीवाल्याचे, मुक्कामाच्या घरमालकिणीचे, तिच्या मांजरीचेसुद्धा नावानिशी आभार मानले होते. सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘सामान वाहणाऱ्या हमालाचेही.’

टेपवाला लग्नाची तारीख विसरायचा, ती ओळ कधी नाही. कापलेला तुकडा त्याने खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत जपला. दुसऱ्याची शिंक सांभाळणारा माणूस मी पहिलाच पाहिला, असं बायको म्हणायची. वेळ येऊ दे, असं तो म्हणायचा.

वेळ आज आली. सरांच्या सत्काराला मूळ टेप ऐकवायची होती आणि ते यंत्र दुसऱ्या कुणाला दाद देत नव्हतं. म्हणून निवृत्त टेपवाल्याला घरून बोलावलं होतं.

त्याने कळ दाबली. मंचावर चाळीस मुली नाचू लागल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत सभागृहभर शिंक घुमली आणि धून न अडखळता पुढे निघून गेली. मुली मात्र सवयीने ठेचकाळल्या आणि एकमेकींवर आदळल्या.

टेपवाला उभा राहिला. “शिंक तुमची आहे, सर. ठेच माझी होती. कात्रीने केलेली.”

सरांचा चेहरा कसा कसा उतरत जाईल हे टेपवाल्याने एकतीस वर्षं मनात बघून ठेवलं होतं. तो तसाच उतरला, अगदी खालच्या ओठासकट.

मग सरांनी चष्मा पुसला. “बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “त्या मुक्कामाच्या घरात मांजर होती. मला मांजराचे केस सोसत नाहीत.” आणि त्यांचे डोळे चमकले. ती चमक टेपवाल्याच्या ओळखीची होती. ग्रंथ लिहायला घेण्याआधी सर असेच दिसायचे.

सुधारित आवृत्ती चार महिन्यांत आली. सहाशे पानं. शाळांतली मुलं आता तिसऱ्या ओळीला ठेचकाळून शिंकतात. ऋणनिर्देशात मांजरीला बढती मिळून ती पहिल्या ओळीत गेली आहे. हमाल होता तिथेच आहे.