एकेचाळिसावं पान

"अहो, हे असं झालंच नव्हतं," ताई रांगेतल्या माणसाला सांगत होती. "कुत्रा आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा."

धाकटीने दातओठ खात सही केली. चित्रकथांच्या या आंतरराष्ट्रीय महोत्सवात टेबल मिळावं म्हणून तिने सलग चार वर्षं अर्ज केले होते. यंदा मिळालं. पहिल्याच पुस्तकासाठी रांगही लागली. आणि सकाळी दहापासून ताई शेजारी खुर्ची टाकून येईल त्याला पुस्तकातल्या चुका दाखवत होती. जिना डाव्या हाताला होता. बाबांच्या मिशा एवढ्या जाड नव्हत्या. आईने उभ्या जन्मात ठिपक्यांची साडी नेसली नव्हती.

"ताई, जरा फिरून ये ना. कुठकुठल्या देशांची पुस्तकं आलीयेत."

"आले बघून. एक जपानी पुस्तक तर शेवटच्या पानापासून सुरू होतं."

"अगं, पण ही माझी गोष्ट आहे. पंचनामा नाही!"

"मग वर 'खरी गोष्ट' कशाला छापलंस?"

धाकटीने पुढची प्रत ओढली.

प्रत पन्नाशीच्या एका बाईंची होती. त्यांनी ती एकेचाळिसाव्या पानावर उघडून धरली. पानभर एकच चित्र. टॅक्सीची मागची सीट, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली धाकटी, काचेपलीकडे दवाखान्याची पाटी.

"माझ्या आईचंही मी एकटीनेच केलं," बाई म्हणाल्या. "हे पान बघितलं आणि वाटलं, कुणाला तरी कळलंय."

त्या टॅक्सीत धाकटी नव्हतीच. ती तीन दिवसांनी पोचली, तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती ताई. संपादक म्हणाले होते, पात्रं कमी करा. तिने बहीणच कमी केली.

ताईने चष्मा सारखा केला आणि वाकून ते पान बघितलं. बराच वेळ बघितलं. आता ही तोंड उघडणार, धाकटीला वाटलं.

"हो," ताई बाईंना म्हणाली. "फार केलं हिने."

बाईंनी डोळे पुसले, दोघींचे हात हातात घेतले आणि सही घेऊन गेल्या.

धाकटीचा मात्र तोल सुटला. "सकाळपासून मिशा काय, जिना काय, डोकं उठवलंस! आणि इथे गप्प? बोलायचंस ना, ही खोटारडी आहे म्हणून!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! का नाही बोललीस?"

ताईने पर्समधून रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली.

"टॅक्सीत आई सारखी तुला हाका मारत होती," ती म्हणाली. "मी सांगून बघितलं, की अगं, ती येतेय, वाटेत आहे. ऐकेचना. शेवटी तुझा आवाज काढून मीच ओ दिली. मग शांत झाली."

रांगेतल्या पुढच्या माणसाने प्रत टेबलावर ठेवली. धाकटीने पेन हातात धरलं होतं, पण आपलं नाव कसं लिहितात ते तिला काही केल्या आठवेना.