कारणाचा रकाना

“हिचा आवाज वेगळा येतोय, साहेब,” लिफ्ट चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. लिफ्ट तेव्हा चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये होती.

“वेगळा म्हणजे कसा?” लिफ्ट तपासायला आलेल्या सरकारी तपासनीसांनी पेनाचं टोपण काढलं. “घासल्यासारखा? ठोकल्यासारखा? किती वेळाने येतो?”

“तसं नाही सांगता येत. दम लागलेलं माणूस पायऱ्या चढतं ना, तसा. दोन दिवस झाले, दार लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.”

“पोटातल्या गोळ्याला फॉर्ममध्ये रकाना नाही, मावशी.” त्यांनी टोपण लावून टाकलं.

खात्यात त्यांना रकानेसाहेब म्हणत. त्यांची काही हरकत नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय मनाला वाटलं म्हणून घेतला नव्हता. लग्नासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हाही कागदावर दोन बाजू आखून गेले होते. तो कागद बायकोने अजून जपून ठेवला आहे, भांडणात काढायला. “ह्यांच्याकडे यायचं तर भीतीलासुद्धा आधी अर्ज करावा लागेल,” असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे. रकानेसाहेबही हसायचे, कारण वाक्य बरोबर होतं.

सातव्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता. सकाळी बारा जणांची ऑपरेशनं झाली होती आणि दुपारी त्यांना घरी सोडायचं होतं.

“ती माणसं पट्टी बांधून, माझा हात धरून आत येतात,” मावशी म्हणाल्या. “दिसत नाही ना, म्हणून मलाच विचारतात, सगळं ठीक आहे ना मावशी? मी काय सांगू?”

“तपासली आहे म्हणून सांगा.”

आणि त्यांनी ती खरोखर तपासली. गुडघ्याचा पट्टा आवळून ते गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला मनाई केली होती, पण काम ते काम. पोलादी दोर मोजले. झीज मर्यादेत होती. ब्रेक मर्यादेत होता. दारांची कुलपं चोख होती. मग वजनं ठेवून लिफ्ट सहा वेळा खालीवर पाठवली. सहाव्या खेपेला ती वर येऊन थांबत असताना रकानेसाहेबांच्या अंगावर सरकन काटा आला. त्यांनी वर पाहिलं. पंखा चालू होता. गार वाऱ्याने येतो काटा. तळहातही ओले झाले होते. खोलीत उकडत होतं. एकाच खोलीत गार वाराही होता आणि उकाडाही, हे त्यांना खटकलं नाही. छाती धडधडत होती, ती जिना चढल्यामुळे. जिना चढून पाऊण तास झाला होता.

एकेचाळीस रकाने, एकेचाळीस वेळा ‘योग्य’. त्यांनी सही ठोकली. मावशींनी सर्टिफिकेट लिफ्टमधल्या आरशाखाली चिकटवलं आणि सातव्या मजल्यावर त्यांच्यासाठी दार धरून उभ्या राहिल्या.

“तुम्ही व्हा पुढे,” रकानेसाहेब म्हणाले. “मी प्रत्येक मजल्यावरचं दार बाहेरून बघत येतो.”

कारण चांगलं होतं. त्यांची कारणं नेहमीच चांगली असत.

ते कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. वाटेत त्यांनी एकाही दाराकडे पाहिलं नाही. तळमजल्यावर मावशी केव्हाच्या येऊन थांबल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“अहो साहेब, गुडघा बघा किती सुजलाय. लिफ्ट होती ना समोर. जिन्याने का आलात?”

रकानेसाहेबांनी तोंड उघडलं. कारण आलं नाही.

असं कधी झालं नव्हतं. ते तसेच उभे राहिले आणि सवयीने मांडणी करू लागले. एका माणसाचा गुडघा दुखतोय. त्याच्यासमोर लिफ्ट दार उघडून उभी आहे. ती त्याने आत्ताच, स्वतःच्या सहीने, पास केली आहे. आणि तो माणूस एकशे चौपन्न पायऱ्या पायी उतरतो. उत्तर एकच निघत होतं. तो घाबरला होता. त्या सहाव्या खेपेपासून जीव मुठीत धरून होता. आणि त्याने फक्त स्वतःचा जीव बाहेर काढला होता. मावशींना आत पाठवून.

लिफ्टमधली घंटी वाजली. सातवा मजला. पेशंट निघाले होते. मावशींनी निमूटपणे आत पाऊल टाकलं.

“मावशी, बाहेर या!” रकानेसाहेब ओरडले. त्यांनी मावशींचं मनगट धरून त्यांना बाहेर ओढलं आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला. आतला दिवा गेला.

इमारतीचे मॅनेजर धावत आले. “काय झालं? वर बारा पेशंट आहेत, पट्ट्या बांधलेले! काय सापडलं?”

“काही नाही. त्यांना एकेकाला हात धरून जिन्याने उतरवा.”

“काही सापडलं नाही तर बंद कशाला? तुमच्याच कागदावर एकेचाळीस ‘योग्य’ आहेत. मी वर कारण काय सांगू?”

सर्टिफिकेट आतच होतं, अंधारात, आरशाखाली. ते काढायला आत जायची रकानेसाहेबांची छाती होईना. त्यांनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला, लिफ्ट बंद ठेवण्याच्या आदेशाचा. मावशींनी न सांगता फॉर्मखाली आपली वही धरली.

कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘तपासणीनंतर तपासनीस स्वतः जिन्याने उतरला.’