चुकीचं उत्तर

काकू वारल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरमधले फोटो बघायचं काकांनी मनावर घेतलं, पण पासवर्ड काही केल्या रिसेट होईना. शेवटी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने वायरी हलवून पाहिल्या, कीबोर्ड उलटा करून झटकला. सगळं ठणठणीत होतं.

"रिसेट करताना नेमकं काय विचारतो हा?"

"तुमची सर्वात आवडती व्यक्ती कोण, असं. मी आपलं माझं नाव टाकतोय. आडनावासकट टाकलं, ती लाडाने हाक मारायची तेही टाकलं. दरवेळी चूकच म्हणतो. आता तूच सांग, तिला माझ्याशिवाय होतं कोण?"

दुरुस्तीवाल्याने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बॅग आवरायला घेतली.



"मशीनच बिघडलंय, काका."