घंटेतला हातमोजा

मुलांनो, अलास्काच्या किनाऱ्याने चाललेल्या छोट्या जहाजावर डेलियाशेजारी तुम्ही उभे आहात, असं समजा. प्राणी दिसला की घंटा वाजवायची, हे काम तिला कप्तान आजोबांनी दिलेलं. काल एका खाडीत अस्वलीण दिसताच तिने घंटा बडवली; प्रवासी ओरडत धावले, अस्वलीण रानात पळाली आणि पिल्लू ओढ्यापलीकडे एकटंच रडत राहिलं. आजोबा एवढंच म्हणाले, “पोरी, आपल्या इथल्या मूळ लोकांत अस्वलिणीला मानाने आजी म्हणतात.” आज त्याच खाडीत शिरताना डेलियाचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग दुर्बिणीत दिसलं: अस्वलीण मासा फाडत होती आणि पिल्लू तिला चिकटून खात होतं. “काय गं, आज घंटेला झोप लागली का?” मागून एका प्रवाशाने टोमणा मारला. डेलियाने लोकरी हातमोजा काढून घंटेत कोंबला, दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, “शू! आजी जेवतेय.”