दयारामचं पित्र

“हात बांधलेल्या माणसाले गोळी घालणं म्हणजे गुन्हा हाय, बाबा. लढाई चालू असली तरी,” राखी म्हणाली.

भागवतने आरशात बघून टोपी सारखी केली. जनकाबाईकडे पित्राचं जेवण होतं आणि उशीर झाला होता. तिच्या लेकाच्या, दयारामच्या जागी दरसाल त्यालाच पाटावर बसवायचे. दोघं एकाच बीबी गावचे, एकाच तुकडीतले. दयाराम पहाडावरच्या लढाईत पडला. भागवत परत आला.

“कॅप्टनचा हुकूम होता,” तो म्हणाला.

“ना खटला, ना साक्ष, अन् थेट गोळी? असा हुकूम देणाराही गुन्हेगार अन् पाळणाराही.” राखी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात मीठ कमी पडलं तरी कलम सांगायची.

“अन् मोडणाऱ्याले काय म्हणते तुहा कायदा?”

“असा हुकूम मोडाच लागते. आता सबबी नका सांगू.”

इतकी वर्षं तीही गावासारखीच बापाचा अभिमान मिरवायची. दयारामला मारणाऱ्याला भागवतने समोरासमोर लोळवलं, अशी गोष्ट होती, आणि गावाने तिला भरपूर तिखटमीठ लावलं होतं. मग गेल्या आठवड्यात जळगाव जामोदहून जुना साथीदार कुलदीप जेवायला आला आणि बोलता बोलता सगळं सांगून बसला. शत्रूचा तो पोरगा हात वर करून आला होता. कॅप्टन म्हणाला, संपवा. भागवत त्याला बांधून खडकामागे घेऊन गेला. एक गोळी वाजली. भागवत एकटाच परत आला.

त्या दिवसापासून राखी बापाला जेवायला वाढायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. भागवतला ते फार लागलं होतं.

“आज जनकाआजीले खरं सांगा,” ती म्हणाली. “नाही तं मी सांगीन.”

“त्या एका गोळीच्या भरवशावर म्हातारी जगून राह्यली, पोरी. खरं आयकून तिचा जीव गेला तं?”

“म्हणून काय खोट्यावर जगू द्याचं तिले?”

भागवतने चपला पायात सरकवल्या. पहाडावरही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

जनकाबाईने त्याचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं. कढी, वडे, गवारीची भाजी, खीर, सगळं दयारामच्या आवडीचं. राखी दाराला टेकून उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“माय, मले काही सांगाचं हाय,” भागवत म्हणाला.

“सांगजो मंग. अन्न थंडं होते.”

म्हातारीने त्याच्या शेजारी आणखी एक पान मांडलं आणि त्यावरही सगळं वाढलं.

“हे कोणाचं?”

“तू मारलं त्याचं.” जनकाबाई भिंतीला धरून खाली बसली. “दरसाल मांगच्या आंगणात ठेवत होती, चोरून. गाव काय म्हणन! यंदा गुडघ्यानं दगा देल्ला, तं इथंच मांडलं. माह्या दयारामच्याच उमरीचा असन ना रे? त्याच्या मायले तं हेही मालूम नसन, पोरगं कुठी पडलं. मंग त्याले कोण जेवू घालन?”

राखीने ओढणी तोंडाला लावली.

“माहा राग त्याच साली सरला,” म्हातारी म्हणाली. “पण तुले कसं सांगू? तू माह्यासाठीच मारलं होतं.” तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. “घे, आता पाणी तरी तुह्या हातचं भेटू दे त्याले.”

भागवतने तांब्या घेतला. त्याने एकदा राखीकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

“ते पान उचल, माय,” तो म्हणाला. “जित्त्या माणसाचं पित्र घालत नसतात.”