श्वासाचा वाटा

"वहिनी, नेट मंदावलं तर समजा, शेजारच्या आजाऱ्याचं श्वासयंत्र त्यातून वाटा घेतंय. तो तोडू नका," असं राउटर बसवणाऱ्यानं बजावलं होतं. शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं.

आज तापानं फणफणलेलं बाळ डॉक्टरांना दाखवताना व्हिडिओ कॉल सारखा अडकत होता. मोबाइलवरच्या राउटरच्या ॲपमध्ये दिसलं, वाटा जात होता वरच्या मजल्यावरच्या टिपणीसकाकूंना; बाळ रडलं की "पोर आहे की भोंगा?" म्हणून चारचौघांत हिणवणाऱ्या!

"घ्या, आता करा तक्रार," म्हणत तिनं ॲपमधलं बटण दाबून वाटा तोडला. डॉक्टर लख्ख दिसले. तिच्या जिवाला काय गार वाटलं!

डॉक्टर मात्र दचकले; काकूही त्यांच्याच पेशंट, आणि त्यांच्या यंत्राचा गजर डॉक्टरांकडे वाजला होता. "अगं, वरच्या काकूंचं यंत्र थांबलंय! जोड आधी."

शाल्मलीचं बोट क्षणभर हललंच नाही.

तुमचंही नेट आज एकाएकी सुसाट सुटलं असेल, तर वाचणं थांबवा आणि शेजारी कोण आजारी आहे ते बघून या.